भयार्थ

"अहो, दूध उतू जायचं!"

हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं तेव्हा मी गॅसपासून दीड हातावर उभा होतो. हात रिकामे, प्रकृती उत्तम. तरीही मी गॅस बंद केला नाही. मी जागीच थबकलो आणि मनाशी म्हणालो, वा!

कारण ते 'जायचं'. "आम्ही सुट्टीत आजोळी जायचो" यातलं जायचं म्हणजे मागची रीत. "मला उद्या बँकेत जायचंय" यातलं जायचं म्हणजे पुढचा बेत. आणि "दूध उतू जायचं" यात ना रीत, ना बेत. दुधाला कुठे जाण्याची इच्छा नाही, आणि ते रोज उतू जात होतं असंही बायकोला म्हणायचं नाही. यात आहे तो निव्वळ धसका. एकाच प्रत्ययात आठवण, इच्छा आणि भीती अशी तिन्ही बिऱ्हाडं गुण्यागोविंदानं राहतात, हे मला बासष्टाव्या वर्षी, ओट्यासमोर, अचानक उमगलं. विचार एवढ्यावर आला तोवर दूध ओट्यावरून फरशीवर पोचलं होतं.

बायकोनं फडकं माझ्या हातात दिलं. "आता गेलंय. हा कुठला काळ ते पुसता पुसता बघा."

माझा हा आजार निवृत्तीनंतरचा. पुण्यात एका बँकेच्या वसुली विभागात मी चौतीस वर्षं काढली. तिथे माझं मुख्य काम इशारे लिहिणं. "सदर रक्कम मुदतीत न भरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल" हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेत कुशीवर वळतानाही ते पुटपुटत असतो, असं बायको सांगते. त्या वाक्याला एकही कर्जदार कधी घाबरला नाही. आता कळतं, दोष व्याकरणाचा होता. "कारवाई करण्यात येईल" याला कोण भितो? "घर जायचं हं तुमचं!" असं लिहिलं असतं तर माणूस चप्पल न घालता पैसे भरायला आला असता.

लेक हैदराबादेत नोकरीला, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे तार्नाक्याला आलो. ती मेट्रोनं हायटेक सिटीला जाते. मी उरलेला दिवस भाषेत काढतो. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे मला भद्रिराजू कृष्णमूर्ती आणि ग्विन यांचं 1985 सालचं आधुनिक तेलुगू व्याकरण मिळालं. कृष्णमूर्ती म्हणजे उस्मानिया विद्यापीठातला भाषाशास्त्र विभाग उभा करणारे गृहस्थ. विद्यापीठ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे आपणही थोडेसे भाषाशास्त्रज्ञ झालो आहोत, अशी माझी समजूत होऊ लागली. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला अशी समजूत व्हायला एवढं अंतर पुरतं.

तर 'जायचं'चा छडा लावताना मला शोध लागला की या प्रकाराला जगात नाव आहे. सॉलोमन बेटांपैकी मलाईता बेटावर तोअंबाइता नावाची भाषा बोलतात. फ्रांतिशेक लिख्टेनबर्क नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1995 मध्ये तिच्यातल्या 'आदा' या एका एवढ्याशा शब्दावर अख्खा निबंध लिहिला. हा 'आदा' वाक्याच्या तोंडाशी बसला की दोन गोष्टी एकदम सांगतो: हे घडण्याचा संभव आहे, आणि हे न घडलेलं बरं. त्याच्याही आधी, 1972 मध्ये, डिक्सन यांनी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या जंगलपट्टीतल्या ड्यिरबल भाषेचं व्याकरण लिहिलं. तिथे तर क्रियापदालाच 'बिला' हा भीतीचा प्रत्यय लागतो. 'तिकडे जाऊ नको' हे एक क्रियापद, आणि 'बुडशील बिडशील' हे दुसरं, त्याच्या शेपटाला भीती बांधलेली.

मला प्रश्न पडला तो आपल्या शाळेचा. शाळेत आपल्याला क्रियापदाचे अर्थ चार शिकवतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ज्या भाषेत प्रत्येक मूल "पडशील!", "भाजेल!", "डोळा फुटायचा!" हे ऐकत ऐकतच उभं राहायला शिकतं, त्या भाषेच्या व्याकरणात भीतीला जागा नाही? मी त्याच रात्री पाचव्या अर्थाचं बारसं केलं. भयार्थ.

बायकोनं नाव ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. आता ट्यूबलाइट बदला." स्टुलावर चढलो. स्टूल जरा हललं. "अहो, पडायचात!" मी वरून, ट्यूब हातात धरून, तिला समजावू लागलो की हे वाक्य नीट पाहिलंस तर दोन अर्थ निघतात, एक म्हणजे लहानपणी मी पडायचो, आणि दुसरा—

दुसरा अर्थ सिद्ध झाला. ट्यूब वाचली.

अशा तयारीच्या माणसाला इथल्या एका मराठी मंडळानं भाषणाला बोलावलं. हैदराबादेत मराठी माणसाला परकं वाटत नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था इथे 1907 पासून आहे. काचीगुडा-सुलतान बाजारकडे गेलं की दोन दुकानांआड एक 'कुलकर्णी' निघतो, आणि तो आपल्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी दख्खनी आणि पोराशी तेलुगू बोलतो, मध्ये श्वासही न घेता. अशा लोकांपुढे भाषेवर बोलायचं म्हणजे पोहणाऱ्यांपुढे पाण्यावर बोलणं. म्हणून मी ठरवलं की तेलुगूतल्या भीतीची थोडी अधिकृत माहिती घेऊन जावं. हबशीगुड्याला एक निवृत्त प्राध्यापक राहतात, भाषेचे जाणकार, असं कोणीतरी सांगितलं. फोन केला. "रविवारी सकाळी या," ते म्हणाले. आणि "फाटकापाशी आलात की आधी फोन करा," असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी सौजन्यात जमा केलं. तो पहिला इशारा होता.

दुसरा फाटकावर होता. पत्र्याची पाटी, तेलुगू अक्षरं. मला तेलुगू वाचता येतं, पण लहान मूल जिना चढतं तसं, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून. कु-क्क. उ-न्न-दि. जा-ग्र-त्त. कुक्क उन्नदि, जाग्रत्त. कुत्रा आहे, जपून.

इथे कोणताही शहाणा माणूस फोन काढतो. मी वही काढली. कारण आपल्या पाटीवर असतं "कुत्र्यापासून सावध रहा". पासून! पंचमी! पाणिनीनं अष्टाध्यायीत भीतीसाठी एक वेगळं सूत्र राखून ठेवलं आहे. ज्याची भीती वाटते किंवा ज्याच्यापासून राखायचं, ते अपादान. म्हणजे झाडापासून पान गळतं ती जी विभक्ती, तीच वाघापासून माणूस भितो तेव्हा. पुढे मराठी माणूस कुत्र्या'ला' भिऊ लागला, भीती कुत्र्या'ची' वाटू लागली, पण पाटीवर मात्र पाणिनी अजून राखण करतो आहे. आणि तेलुगू पाटी? ती विभक्तीच्या भानगडीत पडतच नाही. ती वस्तुस्थिती सांगते आणि मग एका शब्दात सोडून देते. कुत्रा आहे. पुढचं तुम्ही बघा. मला हे फारच मोहक वाटलं. मी लिहू लागलो, आणि लिहिता लिहिता आधारासाठी कोपरानं फाटकाला रेललो. फाटक आतल्या बाजूला उघडलं.

समोर कडुनिंबाखाली इस्त्रीवाल्याचा गाडा होता. तो कोळसे फुलवत होता. त्यानं मान वर करून शांतपणे सांगितलं, "काटता, साब."

आता माझी बाजू थोडी समजून घ्या. दख्खनी ही मला आपली मावशीच वाटते. 'नक्को' हा तर आपला 'नको'च, जरा जोरात दार लावलेला. 'मैंच', 'यहींच' मधला 'च' आपला. "पानी आता बोलके बोला" याच्या धर्तीवर इथे जे 'बोलके' येतं ते आपल्या 'म्हणून'चं भावंड, आणि तेलुगूतल्या 'अनि'चंही. त्यामुळे इस्त्रीवाल्याचं वाक्य मी कानानं न ऐकता वहीनं ऐकलं. काटता. रीतिवर्तमान! म्हणजे हा कुत्र्याचा स्वभाव सांगतोय, आत्ताच्या धोक्याबद्दल बोलत नाहीये. सूर्य पूर्वेला उगवतो, कुत्रा चावतो. शंका नको म्हणून मी विचारलं, "काटता, की काटेगा?"

इस्त्रीवाला माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. थोडा विचार करून, मदत व्हावी म्हणून, तो म्हणाला, "परसों कुरियरवाले को काटा."

परवा! म्हणजे ताजं आहे, मी मनात म्हटलं. नंतर कळलं की ती घटना दोन वर्षांपूर्वीची. हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवापासून मागे पार कुतुबशाहीपर्यंतचा कोणताही दिवस. इथे काळ मोजत नाहीत, ओवाळून टाकतात.

एवढ्यात वरच्या गच्चीतून प्रोफेसरांच्या पत्नीनं मला पाहिलं आणि दोन्ही हात हलवत त्या ओरडल्या, "रावद्दु! रावद्दु!"

पुण्याच्या माणसाला कोणी गच्चीतून 'राव' म्हणून हाक मारली की त्याचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. शिवाय 'रा' म्हणजे 'ये', हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. तेलुगू ही आपल्यासारखीच गोगलगाय भाषा. नकार शेपटाशी ठेवते. 'येऊ नका' यात जसा 'नका' यायला वेळ लागतो, तसंच 'रावद्दु'त 'वद्दु' शेवटी. तो 'वद्दु' कानात शिरेपर्यंत पायाला 'रा' पोचला होता. मी हसून नमस्कार केला आणि दोन पावलं आत गेलो.

कुत्र्याचं नाव टायगर. त्याची उंची माझ्या घोट्याच्या वर चार बोटं, जात पॉमेरेनियन, रंग दुधासारखा पांढरा. उतू जाणाऱ्या दुधासारखाच तो आला, आधी काहीच नाही आणि मग सगळीकडे. तो मला चावला. डाव्या पोटरीला. मराठीत हे वाक्य "कुत्रा चावला" असं कर्तरीच राहतं, त्यात चावणाऱ्याला 'ने' लागत नाही. कर्ता पूर्णपणे कुत्रा. कर्म तेवढं माझं.

इस्त्रीवाला धावत आला. "मैं बोला ना साब, काटता बोलके!"

रक्त पायमोज्यात उतरत होतं, आणि तरीही, खरं सांगतो, माझ्या मनात आलं ते असं: "चावतो म्हणून सांगितलं ना." शब्दाला शब्द! मी हे त्याला सांगायला तोंड उघडलं, पण तोंडातून निघालं ते 'आई गं'. त्याला दख्खनीत काही वेगळं म्हणत नाहीत.

पुढची पंधरा मिनिटं प्रोफेसर आणि त्यांच्या पत्नी यांनी माझी पोटरी अंगणातल्या नळाखाली साबणानं धुतली. पंधरा मिनिटं घड्याळ लावून. हे डॉक्टरही सांगतात आणि ते फार खरं आहे, वाहत्या पाण्यानं आणि साबणानं निम्मं काम तिथेच होतं. मी नळाशेजारी बसलो होतो, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि प्रोफेसर पाय चोळता चोळता विचारत होते, "तर तुमचा प्रश्न काय होता?"

मी सांगितला. काटता की काटेगा.

ते हसले. हसताना साबण माझ्या जखमेत गेला. "तुमचा प्रश्नच चुकीचा आहे," ते म्हणाले. "तेलुगूत 'करुस्तुंदि' म्हणजे चावतो आणि चावेल. आमच्याकडे रीत आणि भविष्य यांना एकच रूप. 'वस्तानु' म्हणजे मी रोज येतो, किंवा मी उद्या येईन. जो रोज येतो तोच उद्या येणार ना? इस्त्रीवाला उर्दूतून बोलला, पण काळ तेलुगूतला वापरला. इथल्या दख्खनीत हे चालतं. जो चावतो, तो चावेलच. तुम्ही त्याला त्यातलं अर्धंच निवडायला सांगत होता."

चौतीस वर्षं "कारवाई करण्यात येईल" लिहिणाऱ्या माणसाला हे नळाखाली कळावं, याचं मला वाईट वाटलं. भविष्यकाळ हा किती दुबळा काळ आहे! तो घडेल म्हणतो, पण कधी ते सांगत नाही. "काटता" म्हणणारा सांगतो की आत्ताच घडतंय, फक्त तुमची पोटरी अजून पोचलेली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी जखम पाहिली आणि सांगितलं की ही तिसऱ्या श्रेणीची. कुत्र्यानं नुसतं चाटलं तर पहिली, वरवर ओरखडा तर दुसरी, कातडी फोडून दात आत गेला की तिसरी. मी जन्मभर पहिल्या श्रेणीची हाव धरली आणि शेवटी ही मिळाली. जखमेच्या कडेनं सीरम टोचलं, त्याचं वर्णन करत नाही. दंडांवर लस, आणि कागदावर तारखा: आज, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. मग बाई म्हणाल्या, "पाळीव आहे ना? मग दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. त्याला काही झालं तर लगेच या."

रेबीज झालेला कुत्रा चावल्यानंतर सहसा दहा दिवसांच्या आत स्वतःच मरतो. तो जगला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. टायगरला दरवर्षी लस दिलेली होती, तसा कागदही होता. पण भीती कागद वाचत नाही.

आणि अशा रीतीनं, ज्या कुत्र्यानं मला फाडलं त्याच्या आयुरारोग्यासाठी मी दिवसातून तीनदा देव पाण्यात ठेवू लागलो.

या दहा दिवसांत भयार्थाचं जेवढं क्षेत्रकार्य झालं तेवढं मला कोणत्याही विद्यापीठात करता आलं नसतं. "कुत्रा मरू नये म्हणजे मिळवलं," मी सकाळी चहा घेताना म्हणायचो. दुपारी "मरत तर नाही ना?" संध्याकाळी "मेला बिला तर नाही ना?" बघा, सगळीकडे 'न' कसा शिरतो. लॅटिनमध्येही भीतीच्या क्रियापदापुढे 'ने' म्हणजे 'न' येतो, आणि तो आला की अर्थ होतो 'घडेल अशी भीती'. घडणार नाही अशी भीती असेल तर दुसराच शब्द. शाळेत लॅटिन शिकणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या यात आपटली आहेत. फ्रेंच माणूस तर भीतीच्या वाक्यात एक 'न' असा टाकतो की त्याला काहीच अर्थ नसतो, नुसता उतारा म्हणून, लिंबू-मिरची टांगावी तसा. माझंही तेच चाललं होतं. "मरत तर नाही ना" यातले दोन 'न' म्हणजे माझी लिंबू आणि माझी मिरची.

आणि ते 'बिला'. 'मेला बिला', 'पडला बिडला', 'चावला बिवला'. ड्यिरबलमधला प्रत्ययही 'बिला' हा निव्वळ योगायोग आहे, पण तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या डोसानंतर, थोडी कणकण असताना, मला तो योगायोग वाटेना. क्वीन्सलंडचे लोक मूळचे साताऱ्याकडचे, इथवर मी पोचलो होतो. लेकीनं तापमापक लावला. खरी गोष्ट अशी की या प्रतिध्वनी शब्दांची खोड भारतभर आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं, त्यात भारतभरच्या भाषांतल्या सामायिक लकबींमध्ये ही पण होती. आपण 'बि' लावतो, तेलुगू 'गि' लावते. 'पुलि' म्हणजे वाघ, 'पुलि गिलि' म्हणजे वाघबीघ. जंगलात वाघापेक्षा हा 'गिलि' भयंकर. वाघ निदान दिसतो.

रोज संध्याकाळी मी फोन करायचो. पहिल्या दिवशी तेलुगूत विचारलं, "टायगर बागुन्नाडा?" म्हणजे टायगर बरा आहे का. पलीकडे शांतता. मग प्रोफेसरांचा आवाज, हळवा झालेला. "सार, आपने उसको 'उन्नाडु' बोला!" तेलुगूत एकवचनात फक्त पुरुषाला 'उन्नाडु' लागतं; बाकी जगाला, त्यात बाई आली, कुत्रा आला, टेबलही आलं, 'उन्नदि'. कुत्र्याला कोणी पाहुणा पुरुषाचं क्रियापद देत नाही. मी अज्ञानापोटी त्याला घरातला कर्ता मुलगा करून टाकला होता. मागून प्रोफेसरांच्या पत्नी काहीतरी म्हणाल्या. प्रोफेसरांनी भाषांतर केलं: "ती म्हणते, टेबलाच्या रांगेत मी, आणि टायगर वर."

त्या दिवसापासून आमचे संबंध घरोब्याचे झाले.

सातव्या दिवशी सकाळी तिसरा डोस आणि संध्याकाळी भाषण. भाषणाबद्दल लवकर आटपतो, कारण मंडळानंही तसंच केलं. मी लिख्टेनबर्क सांगितला, पाणिनी सांगितला, आणि हैदराबादचा धागा म्हणून पी. व्ही. नरसिंह राव यांचा उल्लेख केला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत 'अबला जीवितमु' या नावानं नेली. माझं म्हणणं असं होतं की जगातल्या सगळ्या इशाऱ्यांचं खरं शीर्षक हरिभाऊंनी देऊन ठेवलं आहे, आणि तेलुगूत नेमकं तेच बदललं गेलं. या विनोदाला मी टाळ्यांसाठी जागा सोडली होती. ती जागा रिकामीच राहिली. सभागृहाचं लक्ष माझ्या पोटरीकडे होतं.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न: कुत्रा कुठला? दुसरा: लस फुकट मिळते का? तिसरा एका गृहस्थांनी विचारला नाही, सांगितला. त्यांच्या मेहुण्याला परसों, म्हणजे 1988 मध्ये, चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, तीही पोटात. शेवटी मागच्या रांगेतून बिदरकडच्या एक आजी उठल्या. "तुम्ही पाच अर्थ सांगितले," त्या म्हणाल्या. "आमची माय चुलीपाशी नुसतं 'अगं!' म्हणायची. हात आपोआप मागं यायचा. त्याला क्रियापदच नव्हतं. मग तो कोणता अर्थ?"

मी म्हटलं, "विचार करून कळवतो." अजून कळवलेलं नाही.

दहाव्या दिवशी मी फोन केला नाही. आनंदाची बातमी पेढे घेऊन प्रत्यक्ष ऐकावी म्हणून बायकोला घेऊन हबशीगुड्याला गेलो. यावेळी फाटकापाशी उभं राहून आधी फोन केला. इस्त्रीवाल्यानं लांबूनच हात केला आणि, बहुधा माझ्यासाठी खास, सगळे काळ एकदम वापरले: "काटा, काटता, काटेगा, साब. अंदर नक्को."

टायगर साखळीनं बांधलेला होता. जिवंत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला, पण प्रोफेसरांचा चेहरा काही खुलला नव्हता. त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या राहून त्यांना कोपरानं ढोसत होत्या. मला पहिल्यांदा वाटलं, खर्चाचा विषय असावा.

"सार," ते अखेर म्हणाले, "बुरा नक्को मानो. चावल्यापासून टायगर नीट खात नाहीये. कोपऱ्यात बसून असतो. हिला फार भीती वाटतेय." ते थांबले, शब्द शोधू लागले, आणि व्याकरणाच्या प्राध्यापकाला साजेल असा, अत्यंत अदबशीर भयार्थ त्यांनी माझ्यासाठी बांधला. "आपको शुगर-विगर, कुछ बीमारी-गीमारी तो नहीं है ना?"

बायको माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "व्याकरण आहे. पण ते चावून होत नाही."

मग तिनं पर्समधून माझा गेल्या महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट काढून दिला. प्रोफेसरांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला.